अंगठ्याची पेशी

गणपतीच्या डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते. अंगाचा रंग वाळलेला असतो, पीतांबर, शेला, दागिने, सोंडेवरची नक्षी, सगळं झालेलं असतं आणि मूर्ती अजून कुणाकडं बघत नसते. मग बारीक कुंचला घ्यायचा, श्वास रोखायचा आणि वरच्या पापणीची रेष एका दमात ओढायची. दुसऱ्यांदा गिरवली की ती रेष मेली. मी कराडजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि श्रावण लागला की संध्याकाळी एका मूर्तिकारांच्या कारखान्यात डोळे आखायला जायचो. अशी 22 वर्षं गेली. त्याचे पैसे फार मिळत नव्हते, पण वर्षभरात माझ्या हातून होणारं सगळ्यात चांगलं काम तेच, अशी माझी समजूत होती आणि आजही आहे.

2010 च्या श्रावणात पापणीची रेष करवतीसारखी आली. रंग ओला होता, पुसून पुन्हा ओढली. पुन्हा करवत. मूर्तिकार म्हणाले, "सर, दमलाय तुम्ही. उद्या या." दुसऱ्या दिवशीही हात तसाच होता. रांगेतल्या मूर्ती डोळ्यांवाचून तशाच सोडून मी घरी आलो आणि पुढची कित्येक वर्षं त्या कारखान्यात गेलो नाही.

थरथर त्याआधीपासून होती, फक्त मी तिच्याकडं बघत नव्हतो. फळ्यावर खडूनं वर्तुळ काढताना ती जाणवायची, चहाची बशी वाजायची. तेव्हा माझं वय 54 होतं. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली की सरांनी रात्रीची सुरू केलेली दिसते, सकाळी हात कापतात. आमचं घर माळकऱ्यांचं. दारूला मी कधी शिवलेलो नाही. ती कुजबुज माझ्या कानावर आली त्या दिवशी मी तासाला न जाता मैदानाच्या कडेला जाऊन बसलो होतो.

तिथं बसल्यावर मला पूर्वीची, सातवीतली एक मुलगी आठवली. एलिमेंटरीला बसायचं म्हणून जादा तासाला यायची. स्मरणचित्र फार छान काढायची, माणसं जिवंत असायची तिची, पण संकल्पचित्रात आणि अक्षरलेखनात रेष थरथरायची. मी तिच्या वहीवर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, "रेषेत आत्मविश्वास नाही." दोनदा लिहिलं. ती तासाला यायची थांबली. तिचा हात असा का होतो, हे तिला विचारायची बुद्धी मला झाली नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, एस.टी.त वाहतूक नियंत्रक होता. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याला 2008 मध्ये पार्किन्सन्स झाल्याचं निदान झालं होतं. आमच्याकडं त्याला कंपवात म्हणतात, आणि हात कापणाऱ्या प्रत्येकाला कंपवातच झाला असं समजतात. त्यामुळं माझा हात कापायला लागल्यावर घरात कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. गावातल्या एका डॉक्टरांनीही दादाचं नाव ऐकलं, माझा हात दोन मिनिटं पाहिला आणि दादाचीच गोळी लिहून दिली. लिव्होडोपाची. ती मी जवळजवळ दोन वर्षं घेतली. मळमळायचं, हात तसाच राहायचा, आणि मनात एकच विचार असायचा की पाचसहा वर्षांत मीही दादासारखा पाय ओढत चालणार.

खरं निदान माझ्या वहिनीनं केलं. संध्याकाळी दादाकडं चहाला बसलो होतो. ती आमच्या दोघांच्या हातांकडं बघत होती. म्हणाली, "भावजी, तुमचं वेगळंच दिसतंय. ह्यांचा हात मांडीवर ठेवल्यावर हलतो आणि कप उचलला की थांबतो. तुमचा मांडीवर गप असतो आणि कप उचलला की सुरू होतो." आम्ही दोघांनी हात पुढं करून पाहिले. तिचं म्हणणं अगदी खरं होतं. दादाचा अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी एकमेकांवर फिरत होती, पण कपाकडं हात नेताना ती हालचाल विरून गेली. माझं बरोबर उलट.

पुण्यात ज्या न्यूरोलॉजिस्टबाईंना दाखवलं, त्यांनी आधी एक कोरा कागद पुढं ठेवला आणि पेन दिलं. "सर, आतून बाहेर गोगलगाय काढा. हात टेकवायचा नाही." मी आयुष्यात हजारो सर्पिल काढले असतील. त्या दिवशीचा कागद त्यांच्या फायलीत आहे आणि त्याची झेरॉक्स माझ्याकडं आहे. भूकंपमापकाच्या कागदावर उमटावी तशी रेष आहे ती. मग त्यांनी विचारलं, "दारू घेतल्यावर थरथर कमी होते का?" मला राग आला. त्यांच्या तो लक्षात आला असावा. त्यांनी शांतपणे सांगितलं की हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारतात, कारण या आजारातल्या पुष्कळ लोकांची थरथर थोडी दारू घेतली की तासाभरापुरती कमी होते. त्यावरून निदानाला मदत मिळते. आजाराचं नाव इसेन्शियल ट्रेमर. पुष्कळदा घराण्यात चालत येतो. आमचे वडील शेवटीशेवटी फुलपात्र दोन हातांनी धरायचे, ते मला तिथं आठवलं.

दादाचा आजार आणि माझा आजार यांतला फरक समजायला मला बरीच वर्षं लागली. दादाच्या मेंदूच्या बुडाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळपट पट्टा आहे; तिथल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. आजार दिसायला लागतो तोवर निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. माझं बिघडलंय ते लहान मेंदूकडून येणाऱ्या वाटेवर. तिथल्याही पर्किंजे नावाच्या पेशी काही रुग्णांत कमी झालेल्या आढळतात, पण याला ऱ्हासाचा आजार म्हणायचं की नाही, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. दोन वाटा वेगळ्या, पण दोन्ही थॅलॅमसला येऊन मिळतात, आणि तिथून पुढं हातापायांना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या सालीकडं जातात.

मी शाळेत विज्ञानाच्या शिक्षकांना मेंदूचा मोठा तक्ता काढून दिला होता. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ, तिन्ही नावं ब्लॉक अक्षरांत. मधोमध एक अंडाकृती भाग होता, त्याला फिकट राखाडी रंग दिला होता आणि नाव दिलं नव्हतं, कारण पुस्तकात नव्हतं. तोच थॅलॅमस. दोन असतात, डावा आणि उजवा, प्रत्येक तीनएक सेंटिमीटर लांब. नाव ग्रीक आहे आणि अर्थ घरातली आतली खोली. मला ते वाचून आमच्या जुन्या घराचं माजघर डोळ्यांपुढं आलं. ओसरीवरून स्वयंपाकघरात जा, नाहीतर देवघरात, माजघरातून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, त्वचेला लागलेलं, सगळं थॅलॅमसच्या पेशींपर्यंत येतं आणि तिथून पुढं जातं. एक वास तेवढा परसदारानं जातो. त्याला थेट वाट आहे.

आणि या पेशी नुसता निरोप पोचवत नाहीत. चित्रकलेच्या शिक्षकाला हलवून सोडणारी एक गोष्ट मी वाचली. डोळ्याच्या वाटेवरच्या थॅलॅमसच्या पेशीवर ज्या जोडण्या येतात, त्यांतल्या प्रत्यक्ष डोळ्यातून आलेल्या सुमारे 5 ते 10 टक्केच असतात. बाकीच्या मेंदूच्याच इतर भागांतून येतात, त्यांतल्या पुष्कळशा वरच्या सालीतून खाली. म्हणजे काय आत घ्यायचं आणि किती, याबद्दल मेंदू त्या पेशीला सतत काही सांगत असतो. मी मुलांना 30 वर्षं सांगत आलो की समोरची सुरई नीट बघा, मनातली काढू नका. ते किती अवघड सांगत होतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

औषधं झाली. प्रोप्रॅनोलॉलनं थरथर जरा कमी झाली, पण नाडी फार मंदावली. प्रिमिडोननं दिवसभर गुंगी यायची. 2014 मध्ये निवृत्त झालो तोवर सहीसुद्धा जमेना. पेन्शनच्या कागदावर अंगठा उठवा असं बँकेत सुचवलं गेलं. चित्रकलेच्या शिक्षकानं अंगठा उठवायचा! मी त्या दिवशी घरी येऊन बायकोशी बोललो नाही. पुढची चार वर्षं ती मला वाटी हातात न देता चमच्यानं भरवायची, तेही जेवायला कुणी पाहुणा नसेल तेव्हाच.

शस्त्रक्रियेचं बाईंनी आधीच सुचवलं होतं, मी भीत होतो. मेंदूत तार घालायची, तीही जागेपणी. त्यांनी मला इतिहास सांगितला, घाई न करता. 1950 च्या दशकात थॅलॅमसचा एक छोटा भाग जाळून थरथर थांबवायचे. आपल्याकडं मद्रासला डॉ. बी. राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात अशा शस्त्रक्रिया केल्या आहेत. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे विजेचा बारीक प्रवाह देऊन पाहत. 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला डॉ. आलीम-लुई बेनाबिद यांनी असंच पाहताना प्रवाहाची गती वाढवली, आणि सेकंदाला 100 च्या आसपास स्पंदनं दिल्यावर हात थांबला. प्रवाह बंद केला की पुन्हा सुरू. मग जाळायचं कशाला, तार तिथंच ठेवून कायम प्रवाह देऊ, असं त्यांनी केलं. मला त्यातलं 'पुन्हा सुरू' आवडलं. जे परत बंद करता येतं त्याची भीती कमी वाटते.

2018 च्या जानेवारीत झालं. थरथर पूर्ण दिसायला हवी म्हणून औषधं आधीच बंद केली होती. पहाटे डोकं भादरलं, कपाळावर दोन आणि मागं दोन ठिकाणी सुन्न करून धातूची चौकट स्क्रूनं बसवली. दुखलं ते तेवढंच, स्क्रू आवळताना. चौकटीसकट सीटी स्कॅन, मग तो आधीच्या एमआरआयवर जुळवून गणित. व्हिम नावाचा थॅलॅमसचा एक भाग गाठायचा होता, काही मिलिमीटरचा. लहान मेंदूकडून हालचालीचा हिशेब येतो तो तिथं. उजव्या हातासाठी डावा थॅलॅमस.

कवटीला भोक पाडतानाचा आवाज मी विसरणार नाही. तो आवाज कानांनी नाही, दातांनी ऐकू आला. जळक्या नखासारखा वास आला. मेंदूला स्वतःला दुखत नाही, हे मला सांगितलेलं होतं आणि ते खरं निघालं. तार आत गेली ते मला कळलंही नाही.

मग त्यांनी स्पीकर लावला.

सुईच्या टोकापाशी जी पेशी येईल तिचा विजेचा खडखडाट त्या स्पीकरवर ऐकू येतो. आधी नुसती खरखर होती, रेडिओचं स्टेशन नीट लागत नसताना येते तशी. सुई अर्धा अर्धा मिलिमीटर खाली जात होती. मशीनपाशी बसलेली तरुण निवासी डॉक्टर प्रत्येक थांब्यावर आकडा सांगायची. मग त्या खरखरीतून टक, टक, टकटक असं वेगळं काही उमटायला लागलं. ती म्हणाली, "सर, ही तुमची एक पेशी."

मी 61 वर्षांचा होतो. माझ्या आतल्या कुणाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो.

पाच सुया शेजारी शेजारी होत्या. सगळ्यात मागची सुई स्पर्शाच्या भागाच्या कडेला पोचली असणार, कारण निवासी डॉक्टरनं कापसाच्या बोळ्यानं माझी करंगळी घासली तेव्हा काही झालं नाही. मधलं बोट घासलं, काही नाही. तर्जनी घासली, काही नाही. आणि अंगठ्याचं टोक घासलं तेव्हा स्पीकर तडतडला. तिनं बोळा काढला, आवाज थांबला. पुन्हा लावला, पुन्हा तडतड. अंगठ्याच्या बुडाशी लावला तर नाही, फक्त टोकाला. माझ्या डोक्यात एक पेशी अशी होती जी सगळं आयुष्य फक्त उजव्या अंगठ्याच्या टोकाकडं कान लावून बसली होती. त्याच टोकानं मी पेन्सिल धरत आलो. 22 श्रावण कुंचल्याचा दांडा त्याच टोकाला टेकलेला होता, आणि त्याचा प्रत्येक निरोप या पेशीनं आणि तिच्या शेजारणींनी वर पोचवला होता. मला रडू आलं. निवासी डॉक्टर घाबरली, दुखतंय का विचारायला लागली. मी म्हटलं, नाही, अजून एकदा घासा.

त्यांनी तिथं थोडा प्रवाह देऊन पाहिला तेव्हा अंगठ्याला आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्याला मुंग्या आल्या. सर्जन म्हणाले, ही आपली जागा नाही, पुढं. दोनतीन मिलिमीटर पुढच्या सुईवर आवाज निराळा होता. हात खाली ठेवलेला असताना पेशी आपली अधूनमधून बोलत होती. त्यांनी मला नाकाला बोट लावायला सांगितलं. हात उचलला तसा हात थरथरायला लागला आणि त्याच क्षणी स्पीकरवरून आवाज गठ्ठ्यागठ्ठ्यानं यायला लागला, ढर्र, ढर्र, ढर्र, सेकंदाला सहा वेळा. हाताला आणि आवाजाला एकच ठेका. हात खाली ठेवला, ठेका मोडला.

दहा वर्षं ज्याला मी माझ्या हाताचा दोष समजत होतो, वयाचा, मनाचा, तो तिथं माझ्या डोक्याच्या मधोमध बसून वाजत होता. त्या पेशींचाही दोष नव्हता. त्यांच्याकडं जो बिघडलेला ठेका येत होता तो त्या इमानानं पुढं पाठवत होत्या. मला सातवीतली ती मुलगी आठवली. आत्मविश्वास नाही, असं मी लिहिलं होतं.

त्यानंतर कायमची तार बसवली आणि प्रवाह सुरू केला. हातात क्लिपबोर्ड दिला. आडव्यानं, चौकटीत अडकलेल्या डोक्यानं मी गोगलगाय काढली. ती गुळगुळीत आली. पूर्ण नाही, बाहेरच्या फेऱ्याला एक बारीक लाट आहे, पण रेष होती ती. मी त्या कागदावर तारीख घालून सही केली.

पुढच्या काही दिवसांत जे झालं ते कुणी आधी सांगितलं होतं तरी मी नीट ऐकलं नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर प्रवाह बंद ठेवला होता तरी हात शांत होता, तार घुसताना त्या जागेला बसलेल्या धक्क्यामुळं. मला वाटलं बरा झालो. दहाव्या दिवशी थरथर परत आली, अगदी पूर्वीइतकी, आणि मी बायकोच्या देखत ताट भिरकावलं. गळ्याच्या हाडाखाली बसवलेली बॅटरी मग चालू केली गेली. सेकंदाला 130 स्पंदनं. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले 60 भाग एवढं एक स्पंदन टिकतं. प्रवाह जरा वाढवला की हात आणखी स्थिर होतो आणि जीभ जड होते. यातलं मला काय हवं, हे बाईंनी मलाच ठरवायला सांगितलं. शेवटी दोन प्रोग्रॅम करून दिले, एक कामाचा, एक बोलायचा. हाताच्या रिमोटवर बदलतो मी. रात्री झोपताना बंद करतो, कारण झोपेत हा आजार हलत नाही.

झोपेत काय होतं, हे मी त्या निवासी डॉक्टरला टाके काढायला गेलो तेव्हा विचारलं होतं. ती बोलायला मोकळी होती. म्हणाली, थॅलॅमसच्या पेशींना बोलायच्या दोन रीती असतात. जागेपणी एकेक टक, आलेला निरोप जसाच्या तसा पुढं. झोप लागली की त्याच पेशी दबक्या होतात आणि थांबून थांबून गठ्ठ्यानं बोलतात, आणि मग बाहेरचं जग आत येईनासं होतं. न्यूयॉर्कला रोडोल्फो यिनास आणि हेन्रिक यान्सन यांनी 1984 मध्ये प्राण्यांच्या मेंदूच्या कापांवर दाखवून दिलं की ही दुसरी रीत कॅल्शियमच्या एका खास झडपेमुळं येते. मी तिला विचारलं, या पेशीच मेल्या तर? ती जरा थांबली आणि तिनं इटलीतल्या एका घराण्याचं सांगितलं. व्हेनिसच्या बाजूचं कुटुंब. पिढ्यान्पिढ्या त्यांच्यातल्या काहींची मध्यमवयात झोप जायची, पुरती जायची, आणि महिन्यांत माणूस संपायचा. 1986 मध्ये बोलोन्याचे एलिओ लुगारेसी आणि सहकाऱ्यांनी 53 वर्षांच्या एका रुग्णाबद्दल लिहिलं. मेंदू तपासला तेव्हा थॅलॅमसच्या पुढच्या आणि आतल्या भागातल्या पेशी नाहीशा झालेल्या होत्या. प्रायॉन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष तो. त्या घरातल्या मुलांनी वडिलांना जागं राहून मरताना पाहिलं आणि मग स्वतःच्या पन्नाशीची वाट पाहिली. मी घरी आल्यावर कितीतरी दिवस त्यांच्याबद्दल विचार करत होतो.

पण मला खरं विचारायचं होतं दादाबद्दल. माझं झालं तर दादाचं का नाही?

पार्किन्सन्समध्येही तार घालतात. बहुतेकदा थॅलॅमसमध्ये नाही, त्याच्या जरा खाली. कारण थॅलॅमसमध्ये घातली तर थरथर थांबते, पण पाय जमिनीला चिकटणं, मंदपणा, ताठरपणा तसाच राहतो. बाईंनी मला कागदावर काढून दाखवलं. डोपामिन कमी झालं की मेंदूच्या तळाकडची काही केंद्रं थॅलॅमसच्या पेशींना दाबून धरतात, ब्रेकवरून पाय निघत नाही असं. पेशी जिवंत असते, तिच्यापाशी निरोप असतो, पण तिला बोलू दिलं जात नाही. पुढं पुढं थॅलॅमसच्या मधल्या केंद्रांतल्या काही पेशी मरतातही. दादाचं नाव 2015 मध्ये या शस्त्रक्रियेसाठी निघालं होतं. तोवर त्याला संध्याकाळी अंगणात नसलेली माणसं दिसायला लागली होती. हिशेब चुकायला लागले होते. ज्याला पंचवीस गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असायच्या त्याला आजचा वार सांगता येईना. अशा माणसाला ही शस्त्रक्रिया करत नाहीत, विस्मरण वाढतं. आम्हाला उशीर झाला होता. माझी वेळ आली तेव्हा त्याची गेलेली होती, आणि तीन वर्षांनी माझा हात थांबला तेव्हा मला त्याच्या घरी जायची लाज वाटत होती. वहिनीनं निरोप पाठवला, "या. ते विचारतात रोज."

मी आता कारखान्यात जातो. पीतांबराची किनार करतो, शेल्याची नक्षी करतो. डोळे आखत नाही. कामाचा प्रोग्रॅम लावला तरी माझ्या रेषेच्या शेवटी एक बारीक थरथर उरते. ती बाकी कुणाला दिसत नाही, पण मला दिसते, आणि गणपतीच्या डोळ्यात ती नको. डोळे एक तरुण मुलगा आखतो. मी त्याच्या शेजारी बसतो. तो श्वास रोखतो तेव्हा माझाही रोखला जातो.

संध्याकाळी दादाकडं जातो तेव्हा बोलायचा प्रोग्रॅम लावतो. त्याचा आवाज फार बारीक झालाय, कान ओठांशी न्यावा लागतो, आणि माझी जीभ जड असली तर त्याला कळत नाही. हात कापतो, कापू दे. वहिनी चहा आणते. त्याचा हात मांडीवर गोळ्या वळत असतो. कपाकडं निघतो तेव्हा शांत होतो, पण निघायलाच वेळ लागतो, अर्ध्यात थांबतो. माझा मांडीवर शांत. निघतो लगेच, आणि वाटेत थरथरायला लागतो. वहिनी दोन्ही कप निम्मेच भरते.

त्याला मी त्या स्पीकरचं सांगितलं होतं. चांगला दिवस असला की तो ते पुन्हा करून दाखवायला लावतो. मी तोंडानं आधी खरखर करतो, मग टक, टक, मग अंगठ्याची तडतड. तो डोळे मिटून ऐकतो. परवा ऐकून झाल्यावर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या करत असतील का रे आवाज?"

"करतायत की," मी म्हणालो. "आहेत त्या करतायत, दादा."

त्यानं मान हलवली आणि अंगठा माझ्यापुढं धरला. घासून बघ म्हणाला.